रेसिडेन्सीची भिंत आणि पाच भाषांचा शेजार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या पिढीने हैदराबादेत मराठी शाळा काढल्या, वाचनालयं काढली, सभा भरवल्या. निजामाच्या दरबारात आपल्या भाषेला स्थान नसताना हे सगळं केलं. त्या पिढीची आठवण काढायची तर ती जिथे राहिली, शिकली, भांडली, त्या वस्तीची आठवण काढली पाहिजे. म्हणून आजच्या व्याख्यानाचा विषय एखादी थोर व्यक्ती नाही. विषय आहे एक वस्ती.

कोणती वस्ती? चादरघाटच्या पुलावरून मुसी ओलांडून उत्तरेला यावं. डाव्या हाताला कोठी लागते. पुढे पुतलीबावली, गौलीगुडा, बँक स्ट्रीट, ट्रूप बाजार, सुलतान बाजार, गुजराती गल्ली, हनुमान टेकडी, बडी चावडी, इसामिया बाजार, आणि मग काचीगुडा स्टेशन. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणापर्यंत हा सगळा भाग पायी फिरून घरी जाईल. एवढ्याशा जागेत तेलुगू, मराठी, कानडी, उर्दू आणि हिंदी अशा पाच भाषांच्या संस्था उभ्या राहिल्या. शिवाय गुजराती आणि मारवाडी पेढ्या, पारशी सावकार, आर्यसमाजाचं मंदिर, मशिदी, इंग्रजांचं दवाखाना-दफ्तर हे सगळं होतंच. हैदराबादचा इतिहास म्हटलं की सारे चारमिनारकडे बघतात. १५९१ मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहाने वसवलेलं शहर नदीच्या दक्षिणेला आहे आणि त्याचा मान मोठा आहे, यात शंका नाही. पण ज्या हैदराबादने शाळा, वर्तमानपत्रं, ग्रंथालयं आणि चळवळी पाहिल्या, त्या हैदराबादचा बराचसा जन्म नदीच्या या काठावर झाला. तो इथेच का झाला? हाच आजचा प्रश्न आहे.

उत्तराची सुरुवात मात्र हैदराबादेत होत नाही. ती होते अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या खर्ड्याला.

मार्च १७९५. खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजाम अलीखानाचा पराभव केला. हा आपल्या शाळेच्या पुस्तकातला अभिमानाचा धडा. पुढची गोष्ट त्या धड्यात सहसा येत नाही. पराभवाने खचलेल्या निजामाला संरक्षण हवं होतं. आधी त्याने रेमाँ या फ्रेंच सेनापतीच्या पलटणींवर भिस्त ठेवली. १७९८ मध्ये रेमाँ मरण पावला, आणि त्याच वर्षी निजामाने ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. फ्रेंच पलटणी मोडल्या, कंपनीची फौज आली, आणि कंपनीचा रेसिडेंट इथे कायमचा बसला. म्हणजे मुसीच्या काठावर इंग्रजांचा जो महाल उभा राहिला, त्याच्या पायातला एक दगड खर्ड्याच्या माळावरचा आहे. मराठ्यांच्या शेवटच्या मोठ्या विजयाची ही दुसरी बाजू हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाने तरी नजरेआड करू नये.

तो रेसिडेंट म्हणजे जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक. त्याच्याविषयी एक गोष्ट सांगतात. रेसिडेन्सीसाठी जागा हवी म्हणून त्याने एक भलामोठा नकाशा काढून निजामापुढे मांडला. एवढा मोठा नकाशा पाहून निजाम बिचकला आणि नाही म्हणाला. कर्कपॅट्रिकने तोच नकाशा पत्त्याएवढ्या कागदावर पुन्हा काढला आणि जागा मिळाली! गोष्ट खरी असो वा रचलेली, खर्च मात्र निजामाच्या खजिन्यातूनच झाला. मद्रास इंजिनिअर्सचा लेफ्टनंट सॅम्युएल रसेल याने आराखडा केला. सहा उंच कोरिंथियन खांब, रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना सिंह, आत झुंबरांचा दरबार हॉल. रुबाबात व्हाइसरॉयच्या वाड्याशी बरोबरी करील अशी ही कोठी.

आवारातच एक रंगमहाल होता, तो कर्कपॅट्रिकची पत्नी खैरुन्निसा हिच्यासाठी. ती हैदराबादच्या उमराव घराण्यातली. या विवाहाने कलकत्त्यापर्यंत खळबळ उडाली, चौकशा झाल्या. १८०५ मध्ये त्यांच्या दोन्ही मुलांना इंग्लंडला पाठवलं गेलं आणि त्याच वर्षी कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला. आईला मुलं पुन्हा दिसली नाहीत. १८६० मध्ये रंगमहालही पाडला गेला. या वस्तीतल्या मिश्र जगण्याचा पहिला अध्याय एका घरात सुरू झाला आणि त्या घराच्या पडझडीत संपला.

रेसिडेन्सी आली, तिच्यामागे पैसा आला. विल्यम पामर हा पुण्याला रेसिडेंट असलेल्या जनरल पामरचा मुलगा, त्याची आई हिंदुस्थानी. त्याने बेंकटीदास या गुजराती सावकाराला भागीदार घेतलं आणि निजाम सरकारला जबर व्याजाने कर्जं दिली. ही पेढी पुढे एवढी मोठी झाली की तिचा हिशेब लंडनपर्यंत गाजला, आणि १८२४ मध्ये ती बुडाली. तारापूरचे पारशी विकाजी बंधू तर मुंबई इलाख्यातून आलेले. त्यांच्यातल्या पेस्तनजींच्या नावाचा पेस्तनशाही रुपया औरंगाबादच्या टाकसाळीतून निघत असे. गोसावी मठांच्या पेढ्या, मारवाडी हुंड्या, कच्छी आणि गुजराती कापडवाले असे सगळे हळूहळू रेसिडेन्सीच्या आसऱ्याला आले. इथली बहुभाषिकता पुढच्या पिढ्यांनी ज्ञानाने सजवली हे खरं. तिचा पाया मात्र कर्ज, कापड आणि धान्य यांनी घातला.

आणि मग १८५७.

हैदराबादेत उठाव झालाच नाही, असं आपल्याकडे अजूनही कुणीकुणी म्हणतं. १७ जुलै १८५७ च्या संध्याकाळी काय घडलं? हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातला जमादार चिदाखान आपल्या काही स्वारांसह बुलढाण्याहून निघून आला होता. त्यांना दिल्लीकडे लढायला जायचं नव्हतं. निजामाच्या शहरात आसरा मिळेल असं त्यांना वाटलं. दिवाण सालारजंगांनी त्यांना पकडून रेसिडेंट डेव्हिडसनच्या हवाली केलं. शहर पेटलं. मक्का मशिदीतून जमाव निघाला. पुढे तुर्रेबाझखान आणि मौलवी अल्लाउद्दीन, मागे सुमारे पाचशे रोहिले आणि शहरवासी. पुतलीबावलीच्या बाजूने ते आले. रेसिडेन्सीच्या भिंतीसमोर दोन घरं होती, एक अब्बनसाहेबांचं आणि दुसरं सावकार जयगोपालदासांचं. ही दोन्ही घरं ताब्यात घेऊन त्यांनी रात्रभर गोळीबार केला. समोर कंपनीचा तोफखाना होता. पहाटेपर्यंत हल्ला मोडला.

तुर्रेबाझखान पकडला गेला, कैदेतून निसटला, आणि १८५९ मध्ये तूपरानजवळ मारला गेला. मौलवींना अंदमानला पाठवलं, ते तिथेच वारले. आज कोठीच्या चौकात तुर्रेबाझखानाचं स्मारक आहे. बसची वाट पाहणारी किती माणसं त्यावरचा मजकूर वाचत असतील? त्या स्मारकासमोर उभं राहिलं की बुलढाणा आणि हैदराबाद हे एकाच गोष्टीतले दोन मुक्काम आहेत, हे कळतं.

या हल्ल्यानंतर रेसिडेन्सीची तटबंदी मजबूत झाली, बुरूज चढले. इथून आपल्या प्रश्नाच्या उत्तराला खरी सुरुवात होते. भिंतीच्या आत रेसिडेंट होता, आणि भिंतीबाहेरच्या बाजारांवरही त्याचाच अंमल होता. निजामाच्या राजधानीला खेटून असलेल्या या रेसिडेन्सी बाजारांत निजामाचा कायदा चालत नसे. रस्ता एक, दुकानांची रांग एक, पण एका बाजूला एक राज्य आणि दुसऱ्या बाजूला दुसरं. पुढे निजामाच्या राज्यात परवानगीवाचून सभा भरवणं अशक्य झालं. गश्ती क्रमांक ५३ या परिपत्रकाची धास्ती जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत पानोपानी सापडते. हैदराबाद संस्थानाची राजकीय परिषद संस्थानात भरवता येईना. १९२३ मध्ये ती काकीनाड्याला भरली, नंतरच्या परिषदाही ब्रिटिश मुलखातच घ्याव्या लागल्या. अशा राज्यात, राजधानीच्या कुशीत, थोडा मोकळा श्वास घेता येईल असा एक तुकडा होता. ज्याला शाळा काढायची, वाचनालय काढायचं, व्याख्यान द्यायचं, तो साहजिकच इथे आला.

इंग्रज उदार होते म्हणून हे झालं, असा याचा अर्थ नाही. तसा अर्थ कुणी काढू नये. त्यांचं ज्यांच्यावर बारीक लक्ष होतं, त्यांना इथेही सुख नव्हतं. पंडित सातवळेकर काही काळ इथे चित्रकार म्हणून नाव कमावून होते, आर्यसमाजात व्याख्यानं देत होते. त्यांचं वैदिक राष्ट्रभक्तीचं लेखन सरकारच्या डोळ्यांत खुपलं आणि त्यांना हैदराबाद सोडावं लागलं. दोन सत्तांच्या मधल्या फटीचा फायदा इथल्या माणसांनी स्वतःच्या हुशारीने घेतला. श्रेय त्यांचं आहे.

१८९२ मध्ये सुलतान बाजारचा आर्यसमाज स्थापन झाला. १ सप्टेंबर १९०१ रोजी रावीचेट्टू रंगाराव यांच्या घरात श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय सुरू झालं. १९०७ मध्ये विवेकवर्धिनी ही मराठी शाळा. पंधरा वर्षांच्या आत, हाकेच्या अंतरावर, तीन संस्था. विवेकवर्धिनीमागे उभे असलेले केशवराव कोरटकर हे परभणीकडच्या पुरजळचे. इथे वकिली केली, पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, आर्यसमाजाचे आधारस्तंभ झाले. त्याच वर्षी सुरू झालेल्या गुलबर्ग्याच्या नूतन विद्यालयालाही त्यांचा हात लागला. वामनराव नाईक त्यांच्या जोडीला. मराठी मुलांना मराठीतून शिकता यावं, ही त्यांची तळमळ. उर्दू ही राज्याची भाषा, इंग्रजी ही वरच्या नोकरीची भाषा, आणि घरात आई ज्या भाषेत बोलते ती शाळेच्या दाराबाहेर! ही स्थिती बदलायची म्हणून त्यांनी आयुष्य घातलं.

इथे थोडं थांबून एका तेलुगू माणसाविषयी सांगितलंच पाहिजे, कारण मराठी सभांतून त्यांचं नाव फारसं निघत नाही. कोमर्राजू लक्ष्मणराव. आंध्र भाषा निलयमच्या संस्थापकांतले एक. शिक्षण नागपूरला झालं, मराठीवर प्रभुत्व, मराठी नियतकालिकांतून लेखन. त्यांनी तेलुगूत शिवाजी महाराजांचं चरित्र लिहिलं. आधुनिक तेलुगू इतिहासलेखनाच्या आरंभी जी पुस्तकं येतात, त्यांतलं हे एक. १९०६ मध्ये त्यांनी याच रेसिडेन्सी बाजारात विज्ञान चंद्रिका ग्रंथमंडळी काढली. तिने तेलुगू वाचकाला इतिहास, विज्ञान, चरित्रं स्वस्तात पुरवली. पहिलं पुस्तक होतं अब्राहम लिंकनचं चरित्र. पुढे त्यांनी तेलुगू विश्वकोशाचं काम हाती घेतलं आणि त्याच कामात १९२३ मध्ये त्यांचा अंत झाला. जवळपास त्याच काळात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर मराठी ज्ञानकोशाचे खंड काढत होते. १९३१ मध्ये मराठी साहित्य संमेलन हैदराबादला भरलं, त्याचे अध्यक्ष केतकरच होते. ज्या शहरात तेलुगू विश्वकोशकाराने ग्रंथमंडळी काढली, त्याच शहरात मराठी ज्ञानकोशकार अध्यक्ष म्हणून आले! नागपुरात शिकलेला एक तेलुगू विद्वान आणि विदर्भातून आलेला एक मराठी विद्वान, दोघांची धडपड एकच. या दोघांवर एकत्र कुणी काम करील का? इथल्या तरुण अभ्यासकांसमोर हा विषय मुद्दाम ठेवतो आहे.

आता सगळ्यांत अवघड भाग. तो टाळला तर हे व्याख्यान अप्रामाणिक होईल.

नोव्हेंबर १९२१. विवेकवर्धिनीच्या सभागृहात सामाजिक सुधारणा परिषद भरली होती. अध्यक्ष कोण? महर्षी धोंडो केशव कर्वे. दोन दिवस भाषणं चालली. कुणी इंग्रजीत बोललं, कुणी उर्दूत, कुणी मराठीत. १२ तारखेला अल्लमपल्ली वेंकटरामाराव नावाचे वकील एका ठरावावर बोलायला उभे राहिले आणि तेलुगूत बोलू लागले. सभागृहात गलका झाला. हुर्यो उडवली गेली. त्यांना बोलणं अशक्य झालं. ज्या शहराच्या भोवतालचा सगळा मुलूख तेलुगू, त्या शहरात एका माणसाला तेलुगूत दोन शब्द बोलता आले नाहीत, आणि तेही मराठी मंडळींनी मायबोलीसाठी उभारलेल्या शाळेत.

श्रोतेहो, अध्यक्षांच्या खुर्चीवर कोण बसलं होतं ते पुन्हा आठवा. पाचच वर्षांपूर्वी, १९१६ मध्ये, कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं होतं, आणि मातृभाषेतून उच्च शिक्षण हे त्याचं मुख्य सूत्र होतं. मातृभाषेचा हिंदुस्थानातला सर्वांत मोठा कैवारी व्यासपीठावर होता, आणि समोर एका माणसाची मातृभाषा हसण्यावारी नेली जात होती. यात कर्व्यांचा दोष काढण्याचं कारण नाही. पण सभागृहाचा दोष होता. त्या सभागृहात आपले आजोबा-पणजोबा बसले होते. दरबारात ज्यांची भाषा उपेक्षित, त्यांनीच शेजाऱ्याच्या भाषेची उपेक्षा केली. असं का होतं? जो स्वतः दाराबाहेर उभा असतो, त्याला दाराबाहेरच्या दुसऱ्याचं दुःख कळायला हवं. तसं होतंच असं नाही.

त्याच रात्री काही तेलुगू मंडळी टेकुमाल रंगाराव यांच्या घरी जमली. दहा-बारा माणसं असतील. तिथे आंध्र जनसंघाची स्थापना झाली. मडपाटी हनुमंतराव हे त्या कामाचा कणा झाले. गावोगाव ग्रंथालयं निघाली. १९२६ मध्ये सुरवरम प्रतापरेड्डी यांचं ‘गोलकोंडा पत्रिका’ सुरू झालं. याच संघातून १९३० मध्ये जोगीपेटला पहिली आंध्र महासभा भरली, अध्यक्ष प्रतापरेड्डीच. तेलंगणातल्या शेतकऱ्यांच्या पुढच्या लढ्याची वाट याच महासभेतून गेली. आणि मडपाटी हनुमंतराव १९५१ मध्ये हैदराबादचे पहिले महापौर झाले. तेलंगणाच्या इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात विवेकवर्धिनीच्या त्या संध्याकाळचा उल्लेख असतो. तिथल्या शाळकरी मुलालाही तो प्रसंग ठाऊक असतो. हैदराबादच्या मराठी संस्थांच्या स्मरणिका मात्र त्याविषयी गप्प असतात. हे मौन आता सुटायला हवं. त्या प्रसंगाने विवेकवर्धिनी लहान होत नाही. ती दोन भाषांच्या इतिहासाची जागा ठरते.

आणि हेही लक्षात घ्या की त्या कटुतेनंतर शेजार तुटला नाही. फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले बुर्गुल रामकृष्णराव १९५२ मध्ये हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा विधानसभेचे सभापती होते काशीनाथराव वैद्य. कोरटकरांचे पुत्र बॅरिस्टर विनायकराव विद्यालंकार हेही मंत्री होते. पी. व्ही. नरसिंह राव यांनी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेली. सेतुमाधवराव पगडींनी फारसी कागदपत्रांतून मराठ्यांचा इतिहास काढला आणि गोंडी-कोलामीची व्याकरणंही केली. असा अभ्यासक पुण्यात घडला असता का? घडलाही असता, पण हैदराबादेत तो स्वाभाविकपणे घडला, कारण इथे घराबाहेर पडलं की चार भाषा कानावर पडत.

रेसिडेन्सीच्या दवाखान्याचाही एक परिच्छेद या इतिहासात हवा. आजचं सुलतान बाजारचं बाळंतपणाचं सरकारी इस्पितळ ते हेच. रूपाबाई फर्दूनजी ही पारशी तरुणी १८८५ मध्ये हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाली.  रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी त्या शाळेचे प्रमुख. १८८८ आणि १८८९ च्या हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोगांच्या कामात ती होती. भूल देण्याच्या शास्त्रातल्या जगातल्या अगदी पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते. या इस्पितळावरून जाताना तिचं नाव सांगणारी मोठी पाटी दिसायला हवी होती.

आता काचीगुडा. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला पूर आला, अफजलगंज धुऊन गेलं, हजारो माणसं मेली. त्यानंतर शहर नव्याने उभारायचं ठरलं. विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले. व्हिन्सेंट एश या वास्तुकाराने हायकोर्ट, उस्मानिया इस्पितळ आणि आपलं काचीगुडा स्टेशन घडवलं. स्टेशन उभं राहिलं १९१६ मध्ये. घुमट, मिनार आणि कमानी, पण मधून धावते आगगाडी! त्याआधीच, १९०० मध्ये, गोदावरी खोऱ्यातून मनमाडपर्यंतचा मीटरगेज मार्ग पूर्ण झाला होता. नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद ही सगळी गावं या एका रुळाने हैदराबादला जोडली गेली. मराठवाड्यातला वकिलीचा उमेदवार, उस्मानिया विद्यापीठात शिकायला निघालेला मुलगा, कोर्टाच्या तारखेला आलेला शेतकरी, सगळे इथे उतरायचे. स्टेशनातून बाहेर पडून डोक्यावर वळकटी घेऊन पायी जाता येईल तिथवर बिऱ्हाड करायचे. काचीगुडा, बडी चावडी, इसामिया बाजार इथे मराठी वस्ती दाट का, याचं साधं उत्तर हे आहे. कानडी मुलखातून आलेल्यांनीही याच भागात आपलं बस्तान बसवलं. काचीगुड्याची नृपतुंग शाळा त्यांची. नरहर कुरुंदकरांसारखा विचारवंत हैदराबादला शिकायला आला तो आपले मामा, उस्मानियातले मराठीचे प्राध्यापक डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्या आधाराने. असे मामा, काका, गाववाले इथल्या वाड्यावाड्यांत होते.

१९३३ मध्ये रेसिडेन्सी बाजार निजामाच्या अमलाखाली परत गेले आणि त्यांचं नाव सुलतान बाजार झालं. मधली फट बुजली. पण तोवर संस्था रुजल्या होत्या. ऑक्टोबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला. पहिली तुकडी गोविंदराव नानल यांची, मागोमाग स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. आर्यसमाजाचाही सत्याग्रह त्याच सुमाराला. हा भाग आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला आहे, म्हणून त्यावर जास्त वेळ घेत नाही.

त्यापेक्षा एका माणसाचं नाव इथे मोठ्याने उच्चारायला हवं: शोएबुल्लाखान. वय तिशीच्याही आत. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा संपादक. हैदराबादने भारतात सामील व्हावं, रझाकारांचा अत्याचार थांबावा, असं तो उर्दूत, आपल्या नावानिशी, राजधानीत बसून लिहीत होता. धमक्या आल्या, तरी लिहीत राहिला. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कचेरीतून घरी परतताना याच काचीगुड्याच्या परिसरात त्याच्यावर हल्ला झाला. त्याला गोळ्या घातल्या, त्याचा हात तोडला. सोबतच्या मेहुण्यालाही जबर जखमी केलं. पुढच्या महिन्यात पोलिस कारवाई झाली आणि संस्थान मुक्त झालं. ते पाहायला तो नव्हता. मुक्तिसंग्रामाचा दिवस आपण १७ सप्टेंबरला साजरा करतो. त्या दिवशीच्या भाषणांत त्याचं नाव किती वेळा येतं?

आणि त्याच सप्टेंबरनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांतल्या खेड्यांत निरपराध मुसलमानांची जी कत्तल झाली, तिची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली. जीव वाचवून पळालेली कितीतरी कुटुंबं हैदराबादेत आली. त्यांतल्या अनेकांची घरची बोली मराठवाड्याचीच होती. एकाच काचीगुडा स्टेशनावर एक मराठवाडा शिक्षणासाठी उतरला आणि दुसरा आसऱ्यासाठी. मुक्तीचा आनंद खरा, ही वेदनाही खरी. दोन्ही सांगितल्याशिवाय या वस्तीचा इतिहास पुरा होत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले. अनेक मराठी कुटुंबं औरंगाबाद-पुण्याकडे निघाली. जी राहिली त्यांनी १९५८ मध्ये मराठी साहित्य परिषद उभी केली आणि ‘पंचधारा’ नावाचं नियतकालिक काढलं. मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू, हिंदी असे पाच प्रवाह त्यात एकत्र आणायचे, हा त्याचा हेतू. १९२१ च्या सभागृहाला दिलेलं याहून चांगलं उत्तर दुसरं कोणतं असेल? उशिरा दिलं, पण मनापासून दिलं. त्याआधी १९४९ मध्ये मारवाडी घराण्यातले बद्रीविशाल पित्ती यांनी याच शहरातून ‘कल्पना’ हे हिंदी मासिक सुरू केलं होतं, आणि साऱ्या हिंदी जगाने ते मानलं.

आजची स्थिती? ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. २५ ऑगस्ट २००७ च्या संध्याकाळी कोठीतल्या गोकुळ चाटसमोर बॉम्बस्फोट झाला. तिथे खायला आलेली, दुकानातून घरी निघालेली माणसं गेली; सगळ्या भाषांची, सगळ्या धर्मांची. वस्तीने काही दिवसांत पुन्हा दुकानं उघडली. २०२० पासून सुलतान बाजाराच्या डोक्यावरून मेट्रो धावते आहे. तिचा मार्ग बदलावा म्हणून व्यापाऱ्यांनी मोठं आंदोलन केलं, पण मार्ग तोच राहिला. दुकानं गेली, काहींचे दर्शनी भाग गेले. दळणवळण हवं हे मान्य. पण इतक्या जुन्या बाजारातून खांब नेताना तिथल्या वास्तूंची साधी नोंद तरी आधी व्हायला हवी होती, असं स्पष्टपणे म्हणावं लागतं.

कोठीची कथा त्यामानाने सुखाची. १९४९ मध्ये रेसिडेन्सीत महिला महाविद्यालय आलं, म्हणून ती इमारत वाचली. नुसती पुराणवस्तू म्हणून ठेवली असती तर केव्हाच ढासळली असती. तरी छतं गळत होती, भिंती फुगत होत्या. २००२ मध्ये ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ या संस्थेने तिची संकटात असलेल्या वास्तूंत नोंद केली. त्यानंतर अनेक वर्षांच्या खटपटीने मुख्य इमारतीची दुरुस्ती झाली. २०२२ मध्ये महाविद्यालयाचं विद्यापीठ झालं, आणि २०२४ मध्ये त्याला चाकली इलम्मा यांचं नाव दिलं गेलं. पालकुर्तीची ही परटीण आपल्या शेतासाठी विसनूरच्या देशमुखाविरुद्ध उभी राहिली होती. आंध्र महासभेचे कार्यकर्ते तिच्या पाठीशी होते. आणि त्या महासभेचं बीज कुठे पडलं होतं, ते आपण आताच पाहिलं.

शेवटी एक विनंती, आणि ती इथल्या सर्व संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना आहे. आंध्र भाषा निलयम, मराठी ग्रंथ संग्रहालय, साहित्य परिषद, आर्यसमाज, विवेकवर्धिनी यांच्या कपाटांत इतिवृत्तं, वर्गणीच्या वह्या, जुने अंक पडून आहेत. कागद पिवळे पडले आहेत, कसर लागते आहे. प्रत्येकाने आपापलं जपायचं म्हटलं तर कुणाचंच पुरं जपलं जाणार नाही. एक सामाईक सूची करा, पाचही भाषांतली. तेलुगू वाचणारा विद्यार्थी मराठी इतिवृत्त मागू शकेल आणि मराठी विद्यार्थी ‘गोलकोंडा पत्रिके’चा अंक, अशी सोय करा. आणि येत्या १२ नोव्हेंबरला विवेकवर्धिनीत सगळ्या भाषांची एक सभा घ्या. त्या सभेतलं पहिलं भाषण तेलुगूत होऊ द्या, आणि आपण सगळे ते पूर्ण ऐकू.